दर महिन्याला त्याच त्या फायली जोडायच्या: मॅक्रो, पॉवर क्वेरी की आणखी काही?

रकाना

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे महिन्याच्या सुरुवातीला वेगवेगळ्या विभागांकडून एकाच नमुन्यातल्या एक्सेल फायली येतात. तारीख, विभागाचा संकेतांक, तपशील, रक्कम, शेरा असे रकाने. त्या सगळ्या एका शीटमध्ये एकाखाली एक चिकटवायच्या, रिकाम्या ओळी काढायच्या, तारखा एकसारख्या करायच्या, विभागवार बेरजा घ्यायच्या आणि मग प्रत्येक विभागाला त्याचं त्याचं पान पीडीएफ करून परत पाठवायचं. काम अवघड नाही. पण डोकं लागत नाही म्हणूनच लक्ष उडतं, आणि मग एखाद्या विभागाची फाईल दोनदा चिकटते किंवा राहूनच जाते.

मॅक्रो (एक्सेलमधल्या आपल्या कृती पुन्हा आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) रेकॉर्ड करून पाहिला. ज्या महिन्याच्या फायलींवर रेकॉर्ड केला, त्यांच्यावर तो व्यवस्थित चालतो. पुढच्या महिन्याच्या फायलींवर चालवला की जास्तीच्या ओळी मागे राहतात, आणि मॅक्रो मात्र काही न बोलता पूर्ण होतो. ऑल्ट-एफ११ दाबून आत पाहिलं तर जागोजागी 'ए२ ते एच१४७' असा ठाम पत्ता लिहिलेला दिसतो. मला फॉर्म्युले चांगले येतात, प्रोग्रामिंग शिकलेले नाही. हे दुरुस्त करत बसू, की दुसरीच वाट धरू? ज्यांचं रोजचं काम हेच आहे त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

कळफलक

रेकॉर्डर तुमचा हात कुठे गेला ते टिपतो. तिथे का गेला, हे त्याला कळायचा मार्ग नाही. माउसने ओढून भाग निवडला असेल तर पत्ताच कोरला जातो. त्याऐवजी कंट्रोल-शिफ्ट-खालचा बाण दाबलात तर तो 'एंड(एक्सएलडाउन)' असं लिहितो, म्हणजे 'भरलेलं आहे तिथवर खाली जा'. हे बरं, पण मधे एक घर रिकामं असलं की तिथेच थांबतं. तुमच्या फायलींत रिकाम्या ओळी आहेत, म्हणजे हे चालणार नाही.

नेहमीचा उपाय म्हणजे शीटच्या तळापासून वर यायचं: सेल्स(रोज.काउंट, १).एंड(एक्सएलअप).रो. पहिल्या रकान्यात सर्वांत खाली जिथे काही लिहिलं आहे त्या ओळीचा क्रमांक मिळतो. तो एका चलात (कोडमधल्या नाव दिलेल्या साठवणीच्या जागेत) ठेवा आणि १४७ च्या जागी तो चल वापरा. दोन गोष्टी सांभाळा. शीटला फिल्टर लावलेला असेल तर आधी काढा, नाहीतर शेवटची ओळ चुकीची मिळते. आणि जो रकाना कधीच रिकामा सोडला जात नाही असाच मोजायला घ्या. शेऱ्याचा रकाना कधीही घेऊ नका.

रिकाम्या ओळी काढायच्या तर खालून वर काढत या. वरून खाली आलात तर एक ओळ काढली की खालची वर सरकते, आणि फेरी तिला ओलांडून पुढे जाते. सलग दोन रिकाम्या ओळी असल्या की हमखास एक उरते.

विभागांनी मूळ फाईलमध्ये कंट्रोल-टी करून टेबल बनवलं तर शेवटची ओळ शोधायची भानगडच राहत नाही. नमुना तुमच्याच हातात असेल तर आधी तो बदला आणि मग मॅक्रोला हात घाला.

ताळेबंद

रकाना, तुमच्या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलं आहे: 'मॅक्रो मात्र काही न बोलता पूर्ण होतो'. माझं काम लेखापरीक्षणाचं, त्यामुळे या एका मुद्द्यावर थोडं लांब लिहितो.

हाताने चिकटवताना माणूस नकळत बघत असतो. फाईल लांब वाटली, रक्कम भलतीच दिसली, तर थांबतो. मॅक्रो आला की हे बघणं संपतं. म्हणून जे डोळे काढून घेतले त्यांच्या जागी मॅक्रोमध्ये ताळा घालावाच लागतो. ताळा नसलेला मॅक्रो मी हाती घेत नाही, मग तो कितीही वेगात चालो.

प्रत्यक्षात काय करायचं? त्याच वर्कबुकात 'नोंद' नावाचं एक शीट ठेवा. मॅक्रोने उघडलेल्या प्रत्येक फाईलसाठी तिथे एक ओळ पडली पाहिजे. फाईलचं नाव, ती शेवटची कधी जतन झाली ती वेळ, मूळ फाईलमधल्या भरलेल्या ओळी, एकत्र शीटमध्ये उतरलेल्या ओळी, मूळ फाईलमधली रकमेची बेरीज, उतरलेल्या ओळींची बेरीज. ओळींना ओळी आणि बेरजेला बेरीज जुळली तरच पुढची फाईल. जुळली नाही तर ती ओळ लाल करून मॅक्रोने तिथेच थांबावं. आणखी एक यादी विभागांच्या संकेतांकांची. शेवटी मॅक्रोने ती यादी नोंदीशी ताडून कोणत्या विभागाची फाईल आलीच नाही आणि कोणाची दोनदा आली ते लिहावं. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही चुका इथेच पकडल्या जातात.

एक बारकावा राहिला. मूळ फाईलमधली बेरीज घेताना मॅक्रोने शोधलेली शेवटची ओळ वापरू नका, पूर्ण रकान्याची बेरीज घ्या. शेवटची ओळ चुकली असेल तर तोच चुकीचा आकडा दोन्हीकडे वापरला जाईल आणि ताळा खोटा जुळेल. ताळा वेगळ्या वाटेने आला पाहिजे. (मूळ फाईलच्या तळाशी एकूण बेरजेची ओळ असेल तर ती मात्र वगळा, नाहीतर सगळं दुप्पट दिसेल.)

हे फार सोवळं वाटत असेल तर इंग्लंडमधलं ऑक्टोबर २०२० चं प्रकरण आठवा. प्रयोगशाळांकडून आलेले कोविड चाचण्यांचे निकाल तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत आपोआप एका एक्सेल नमुन्यात ओढले जात होते. तो नमुना जुन्या एक्सएलएस प्रकारातला होता. त्या प्रकारात एका शीटवर ६५,५३६ ओळीच मावतात. त्यापुढचं आत आलंच नाही आणि १५,८४१ बाधितांची नोंद रोजच्या आकड्यांतून सुटली. त्यांच्या संपर्कात आलेल्यांना कळवायला उशीर झाला. एक्सेल २००७ पासून शीटवर १०,४८,५७६ ओळी मावतात, पण प्रश्न नुसत्या मर्यादेचा नव्हता. किती ओळी पाठवल्या आणि किती उतरल्या हे शेजारी शेजारी लिहिलेलं असतं तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

आणि मूळ फायलींना मॅक्रोने हात लावू नये. केवळ वाचनासाठी उघडाव्यात, जतन न करता बंद कराव्यात. मॅक्रो चालला की एक्सेलचा कंट्रोल-झेड रिकामा होतो, मागे फिरायची सोय राहत नाही.

आडवाउभा

ताळेबंद यांच्याशी पूर्ण सहमत. पण रकाना, या कामाच्या पहिल्या अर्ध्या भागासाठी मॅक्रो लिहूच नका असं मी आग्रहाने सांगेन.

एक्सेल २०१६ पासून 'डेटा' टॅबमध्येच पॉवर क्वेरी आहे, म्हणजे फायलींतला डेटा ओढून, साफ करून जोडायची सोय. सगळ्या फायली एका फोल्डरमध्ये टाका, 'फ्रॉम फोल्डर' घ्या, 'कम्बाइन' करा. रिकाम्या ओळी काढणं, रकान्यांचे प्रकार ठरवणं, गटवार बेरजा, हे सगळं तिथे क्लिक करत होतं आणि प्रत्येक पायरी उजवीकडच्या यादीत दिसते. पुढच्या महिन्यात फोल्डरमधल्या फायली बदला आणि 'रिफ्रेश ऑल' दाबा. ओळी किती आहेत याने काही फरक पडत नाही. मूळ फायलींना धक्का लागत नाही. मला सगळ्यात आवडतं ते हे की तुमच्यानंतर येणाऱ्या माणसाला पायऱ्यांच्या यादीवर एकेक क्लिक करून कुठल्या टप्प्यावर डेटा कसा होता ते बघता येतं. दुसऱ्याने लिहिलेला मॅक्रो वाचणं किती जड जातं, हे ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे.

विभागवार पीडीएफ आणि मेल मात्र पॉवर क्वेरी करणार नाही. तेवढ्यापुरता छोटा मॅक्रो ठेवा.

रकाना

सर्वांचे आभार, खूपच नेमकं मिळतंय. आडवाउभा, सांगितल्याप्रमाणे केलं. बहुतेक फायली आल्या, पण एका विभागाच्या फाईलवर 'अमुक रकाना टेबलमध्ये सापडला नाही' अशी चूक येते. फाईल उघडली तर रकाना समोर दिसतोय, नावही तेच, 'रक्कम'.

आडवाउभा

शीर्षकाच्या शेवटी जागा सुटलेली असणार. पॉवर क्वेरीला नाव तंतोतंत लागतं. साधी मोकळी जागा असेल तर 'ट्रिम' पुरे. वेबपानावरून किंवा दुसऱ्या प्रणालीतून चिकटवलेलं असेल तर ती जागा १६० क्रमांकाची असते. ती साध्या जागेसारखीच दिसते, पण शीटमधल्या ट्रिम फॉर्म्युल्याने ती निघत नाही, वेगळी बदलावी लागते. शीर्षकाच्या घरात लेन लावून अक्षरं मोजा, लगेच कळेल. आणि त्या विभागाला मूळ नमुना परत पाठवा. त्यांनी शीर्षकाची ओळ कुलूपबंद असलेली फाईलच वापरावी.

निळी शाई

तारखांबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते. कारण या चुका बेरजेत दिसत नाहीत. एकूण रक्कम बरोबर येते आणि महिना चुकतो.

विभागांपैकी कुणी एक्सेलऐवजी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाईल) पाठवत असेल तर सावध. हीच सीएसव्ही तुम्ही दोनदा क्लिक करून उघडलीत तर संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगप्रमाणे दिवस-महिना-वर्ष असं वाचलं जातं. मॅक्रोने वर्कबुक्स.ओपन करून उघडलीत तर व्हीबीए (मॅक्रोची भाषा) अमेरिकी पद्धतीने, म्हणजे महिना आधी असं वाचतं. मग ०५/०४, म्हणजे आपली पाच एप्रिल, चार मे होऊन बसते. २५/०४ ला मात्र पंचविसावा महिना नसल्यामुळे ती तारीख न होता नुसता मजकूर म्हणून राहते. म्हणजे एकाच रकान्यात बारा तारखेपर्यंतच्या नोंदी उलट्या आणि पुढच्या मजकूर. वरवर बघणाऱ्याला रकाना भरलेला दिसतो.

ओळखायची खूण अशी: रकान्याचं अलाइनमेंट काढून टाका. खऱ्या तारखा उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे. रकाना दोन्हीकडे विखुरलेला दिसला की समजा. उपाय म्हणजे ओपन करताना 'लोकल' हा पर्याय ट्रू द्या. पॉवर क्वेरीत 'चेंज टाइप' मध्ये 'युजिंग लोकेल' घ्या. तिथे फाईल जोडल्याबरोबर 'चेंज्ड टाइप' ही पायरी आपोआप येते, ती आधी तपासा.

हा प्रश्न केवढा मोठा आहे बघा. जनुकांची सेप्ट२, मार्च१ अशी नावं एक्सेल तारखा समजून बदलत होतं. इतक्या संशोधनांच्या तक्त्यांत ती बिघडली, की २०२० मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने अशी नावं बदलण्याचा नियम जाहीर केला. मार्च१ चं मार्चएफ१ झालं.

संकेतांकाच्या सुरुवातीला शून्य असेल तर तो रकानाही आधीच मजकूर ठरवा. शून्य एकदा उडाला की मागाहून किती होते ते सांगता येत नाही. पंधरा अंकांहून लांब क्रमांकांचंही तसंच, सोळाव्या अंकापासून पुढे एक्सेल शून्य ठेवतं.

पानोपानी

वाखु (वाचनखूण) साठवली. निळी शाई, अलाइनमेंटची खूण आजच वापरून पाहिली, लगेच दोन फायली सापडल्या.

कुलूपकिल्ली

मी आमच्याकडची संगणक-व्यवस्था बघतो. मॅक्रोची फाईल दुसऱ्याला पाठवली की 'चालत नाही' अशी तक्रार येते, तेव्हा हे आधीच सांगतो.

इंटरनेटवरून किंवा मेलमधून आलेल्या फायलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने मुळातूनच अडवायचं ठरवलं, ते फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर झालं आणि नंतर टप्प्याटप्प्याने लागू झालं. लाल पट्टी दिसते आणि पूर्वीसारखं तिथेच 'एनेबल' करायचं बटण नसतं. फाईल खात्रीची असेल तर उजवं क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'अनब्लॉक'. ती सतत वापरायची असेल तर ठरावीक फोल्डर 'ट्रस्टेड लोकेशन' करून घ्या, किंवा मॅक्रोला डिजिटल सही लावा.

कृपा करून सगळ्यांच्या संगणकावर 'सर्व मॅक्रो चालू द्या' हा पर्याय निवडू नका. १९९९ च्या मार्चमध्ये मेलिसा हा मॅक्रो व्हायरस वर्ड फाईलमधून पसरला, तो पत्त्यांच्या वहीतल्या पहिल्या पन्नास जणांना स्वतःच मेल पाठवत सुटायचा. युक्ती जुनी झाली तरी मॅक्रोतून घुसणं अजून थांबलेलं नाही. तुमचं पंधरा मिनिटांचं काम वाचवण्यासाठी सगळ्यांचं दार उघडं ठेवणं मला अजिबात पटत नाही.

फाईल एक्सएलएसएम म्हणून जतन करा. एक्सएलएसएक्स निवडलं तर एक्सेल विचारतं, आणि घाईत 'येस' दाबलं की मॅक्रो गेला. मेलचा किंवा डेटाबेसचा पासवर्ड मॅक्रोत लिहू नका. व्हीबीए प्रोजेक्टला लावलेलं कुलूप फार कच्चं असतं.

शाईदौत

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र अडचण. व्हीबीएच्या एडिटरमध्ये देवनागरी लिहिली की प्रश्नचिन्हं होतात, कारण तो एडिटर युनिकोडचा नाही. एमएसजीबॉक्समध्येही (सूचना दाखवणाऱ्या छोट्या खिडकीतही) तेच. आणि विभागांच्या फायलींची नावं देवनागरीत असतील तर डिर हे फंक्शन ती नावं प्रश्नचिन्हांसकट परत देतं, मग फाईल सापडत नाही.

मी असं करते: मराठीत लागणारे सगळे शब्द आणि सूचना एका शीटवर लिहून ठेवते आणि मॅक्रो ते घरातून वाचतो. कोडमध्ये फक्त घराचा पत्ता. सूचनाही बॉक्समध्ये न दाखवता शीटवरच दाखवते. फायलींच्या यादीसाठी डिरऐवजी फाईल-सिस्टिम-ऑब्जेक्ट, त्याला देवनागरी नावं चालतात. सीएसव्ही जतन करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडा.

याचा एक फायदा असा की सूचनेचे शब्द बदलायचे तर कोड उघडावा लागत नाही. सोबत काम करणारं कुणीही बदलू शकतं.

उंबरठा

ज्यांच्याकडे गूगल शीट्स आहे त्यांच्यासाठी: तिथेही मॅक्रो रेकॉर्ड होतो, आत ॲप्स स्क्रिप्ट म्हणजे जावास्क्रिप्ट असते. देवनागरीची अडचण नाही. ठरावीक वेळी आपोआप चालवायचा ट्रिगर लावता येतो, संगणक बंद असला तरी. मात्र एका वेळी स्क्रिप्टला साधारण सहा मिनिटंच मिळतात. म्हणून घर-घर वाचत बसू नका. गेटव्हॅल्यूजने पूर्ण भाग एकदम उचला, सगळी उलथापालथ स्मृतीतच करा, सेटव्हॅल्यूजने एकदम ठेवा.

कळफलक

उंबरठा यांचा शेवटचा मुद्दा व्हीबीएलाही जशाच्या तसा लागू. रेंजची व्हॅल्यू एका व्हेरिएंट (कोणतंही मूल्य मावणाऱ्या) चलात घेतली की पूर्ण तक्ता अ‍ॅरे म्हणून मिळतो. त्यावर काम करून एकदम परत लिहिलं की जे रखडत चाललेलं असतं ते क्षणात होतं. लोक स्क्रीनअपडेटिंग (मॅक्रो चालताना पडदा ताजा होत राहणं) बंद करतात आणि तिथेच थांबतात. खरा वेळ शीटकडे पुन्हा पुन्हा जाण्यात जातो.

ताळेबंद

वेगाच्या नादात एक ओळ फार जण टाकतात, 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट'. चूक आली तरी पुढे चला, असा तिचा अर्थ. पूर्ण मॅक्रोच्या डोक्यावर ती असली की फाईल उघडली नाही तरी मॅक्रो पुढे जातो, आणि आधीच्या फाईलचाच डेटा नव्या विभागाच्या नावाखाली उतरू शकतो. जिथे लागेल त्या एका ओळीपुरती वापरा आणि लगेच 'ऑन एरर गोटू ०' लिहून मागे घ्या.

मोड्यूलच्या पहिल्या ओळीत 'ऑप्शन एक्स्प्लिसिट' असू द्या. चलाचं नाव एका अक्षराने चुकलं तर व्हीबीए नवा रिकामा चल तयार करतं आणि बेरीज शून्य येते. ही ओळ असेल तर मॅक्रो सुरूच होत नाही. ओळींचा क्रमांक ठेवायचा चल 'लाँग' घ्या, 'इंटिजर' ३२,७६७ च्या पुढे कोसळतो.

रकाना

सगळ्यांच्या सूचना जुळवून आता असं ठरवलंय. फायली जोडणं आणि साफसफाई पॉवर क्वेरीत, सीएसव्ही पाठवणाऱ्या विभागाची तारीख 'युजिंग लोकेल' लावून. 'नोंद' शीट ताळेबंद यांनी सांगितल्याप्रमाणे केलं. ओळींचा आकडा क्वेरीतून आणि मूळ बेरीज विभागाने मेलमध्ये लिहून पाठवायची, म्हणजे ताळा खरोखरच वेगळ्या वाटेने येईल. विभागांना हे आवडलं. त्यांनाही आपली फाईल पूर्ण पोचली याची खात्री हवी होती.

आता उरलं विभागवार पीडीएफ आणि मेल. संकेतांकांच्या यादीवर फेरी, प्रत्येकासाठी फिल्टर, मग एक्सपोर्टॲजफिक्स्डफॉरमॅट (पीडीएफ काढायची आज्ञा). एवढं फिल्टर लावून एकदा रेकॉर्ड केलं आहे. एफ८ ने एकेक ओळ पुढे नेत पाहिलं, कळतंय. यात कुठे ठेच लागेल?

कळफलक

वाट बरोबर आहे. पीडीएफच्या नावात विभागाचं नाव घेणार असाल तर त्यात तिरकी रेघ किंवा कोलन नाही ना बघा. संकेतांक घेतलेला बरा. त्याच नावाची जुनी पीडीएफ असेल तर ती न विचारता पुसली जाते, म्हणून नावात वर्ष-महिना घाला किंवा दर महिन्याचं वेगळं फोल्डर करा. एखाद्या विभागाची त्या महिन्यात एकही नोंद नसेल तर फिल्टरखाली फक्त शीर्षक उरतं आणि कोरं पान निघतं. आधी दिसणाऱ्या ओळी मोजा, शून्य असतील तर नोंदीत लिहून पुढे जा. प्रत्येक फेरीनंतर फिल्टर पूर्ण काढा.

मेल जुन्या आउटलुकमधूनच जाईल, नव्या आउटलुकला व्हीबीएतून हुकूम देता येत नाही. आणि कोडमध्ये 'सेंड' लिहू नका, 'डिस्प्ले' लिहा. प्रत्येक मेल पडद्यावर उघडून थांबेल. पत्ता आणि जोडलेली पीडीएफ एकाच विभागाची आहे हे बघून मग हातानेच पाठवा. एका विभागाचे आकडे दुसऱ्याकडे गेले तर ते परत घेता येत नाहीत.

रकाना

'डिस्प्ले'च ठेवते. शून्य ओळींची अट घालून आज रात्री गेल्या महिन्याच्या फायलींच्या प्रतींवर चालवते आणि नोंदीचं शीट कसं आलं ते इथे लिहिते.